पट्टी रंगली म्हणजे आजार झाला का?

शाळेच्या आरोग्य तपासणीत प्रत्येक मुलीची लघवी पट्टी बुडवून तपासली, तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वेळीच पकडता येईल, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. हेतू चांगला आहे. सूचना मात्र आम्हाला पटत नाही.

पट्टी काय पाहते? ई. कोलायसारखे जीवाणू लघवीतील नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्यामुळे पट्टीवरचा एक चौकोन गुलाबी होतो. दुसरा चौकोन पांढऱ्या पेशींतील एका विकराचा माग काढतो. पण पुरेसे नायट्राइट तयार होण्यासाठी लघवी चारेक तास मूत्राशयात राहावी लागते, आणि संसर्ग झालेली मुलगी तर सारखी लघवीला जाते! एन्टेरोकोकस हे जीवाणू नायट्राइट करतच नाहीत. उलट पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले, तर नुसत्या हवेनेही तो चौकोन गुलाबी होऊ शकतो.

आता फळ्यावर करता येईल असे एक गणित पाहू. अमेरिकेतील व्हर्जिनियात कॅल्व्हिन क्यूनिन यांना शाळकरी मुलींपैकी शेकडा एकीच्या आसपास लघवीत जीवाणू आढळले होते. म्हणजे १००० मुलींत १०. समजा, पट्टी त्यांतील ८ ओळखते आणि उरलेल्या ९९० पैकी शेकडा ५ जणींना चुकून दोषी ठरवते. म्हणजे सुमारे ५० जणींना. अशा रीतीने ५८ घरी चिठ्ठी जाईल आणि त्यांतील ५० मुली निरोगी असतील.

बरे, त्या ८ जणींचा तरी फायदा होईल? ब्रिटनमधील कार्डिफ-ऑक्सफर्ड गटाने लक्षणे नसलेल्या अशाच मुलींना दोन गटांत विभागले. एका गटाला औषधे दिली, दुसऱ्याला दिली नाहीत. १९७८ मध्ये चार वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मूत्रपिंडांच्या वाढीत वा नव्या व्रणांत उपचाराने फरक पडलेला दिसला नाही. विनाकारण दिलेली प्रतिजैविके मात्र जीवाणूंना औषधाला न जुमानण्याचे शिक्षण देतात.

ताप, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, अशी तक्रार असेल तर तपासणी हवीच. तेथे पट्टी उपयोगी पडते आणि खात्री जीवाणू वाढवून पाहिल्यावर होते. (गरोदर स्त्रियांची गोष्ट वेगळी. लक्षणे नसली तरी त्यांची ही वाढ-चाचणी करावी, अशी शिफारस आहे.)

लघवी तासन्‌तास रोखून धरल्याने संसर्गाला वाव मिळतो. मुतारीला कडी आणि पाणी नसल्यामुळे दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली शिक्षिकांना ठाऊक असतात. आरोग्य तपासणीच्या तक्त्यात मुतारीचा रकाना आम्हाला तरी दिसलेला नाही.