‘शब्बाथ’ : तीन अक्षरे आणि मराठी लेखन

शिन, बेथ आणि ताव ही तीन अक्षरे हिब्रू, अरामी आणि लादिनो या तिन्ही भाषांतील ग्रंथांत विश्रांतिदिनाच्या नावासाठी येतात. तेवढ्यावरून शब्द एकच, असे मानण्याचा मोह होतो. परंतु तो सयुक्तिक नव्हे.

हिब्रूत निश्चितता दर्शविणारे उपपद शब्दाच्या आरंभी जोडतात. अरामीत तेच कार्य अंत्य आलेफ करीत असे. पुढे पूर्वेकडील अरामीत ही निश्चितता लोपली व आलेफयुक्त रूपच सामान्य ठरले. लादिनो ही १४९२ साली स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंची स्पॅनिशमूलक भाषा. तीत स्पॅनिश शब्दांतील ‘त’ तेथ या अक्षराने लिहीत व स्वरांसाठीही अक्षरे योजीत. साहजिकच या शब्दातील ताव आणि स्वराक्षरांचा अभाव ही तेथे उच्चाराची नव्हे, तर कुळाची खूण होय.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचे धार्मिक साहित्य मात्र देवनागरीत मराठी झाले. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हगादात हिब्रू मूळ व मराठी भाषांतर एकत्र आढळतात. येथे लिपी बदलते, आणि लिपी बदलली की मौन राखता येत नाही; कोणता तरी उच्चार पत्करावाच लागतो. मराठी बायबलातही आढळणाऱ्या ‘शब्बाथ’ या रूपात ‘ब’चे द्वित्व उघड होते, स्वरचिन्हरहित हिब्रू लेखनात ते दिसत नाही. उलट तेथ व ताव यांतील भेद ‘त’मध्ये बुडून जातो. अंत्य ‘थ’ तर अधिकच विचारणीय आहे. येमेनी परंपरेत या स्थानी घर्षक ध्वनी येतो, सेफार्दी परंपरेत सामान्यतः ‘त’. देवनागरी ‘थ’ हा महाप्राण स्पर्श असल्याने तो या दोहोंपैकी एकही नव्हे. तेव्हा ‘शब्बाथ’ या लेखनावरून बेने इस्राएलांच्या प्राचीन उच्चाराचे अनुमान करणे धोक्याचे ठरते.

याहून मोठी चूक म्हणजे शब्द नाही म्हणून आचार नव्हता, असे समजणे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजास कोकणातील शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. या नावात हिब्रूचे एकही अक्षर नाही; वार आहे तो शनी या ग्रहाचा. तरीही विश्रांतिदिनाची साक्ष त्यात पूर्णपणे टिकली आहे. अभ्यासकाने अक्षरे अवश्य तपासावीत. परंतु अक्षरांच्या सातत्यास परंपरेचे सातत्य समजू नये, आणि अक्षरांच्या अभावास तिचा अभावही मानू नये.