खिडकीतून दिसलेला मोह : ‘नीतिसूत्रे’च्या सातव्या अध्यायाविषयी

‘बायबल’मधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाचे मराठी नाव वाचकाची काहीशी दिशाभूल करते. सूत्र म्हटले की अल्पाक्षरी, असंदिग्ध विधानाची अपेक्षा निर्माण होते. पहिल्या नऊ अध्यायांत मात्र सूत्रे थोडी आणि बापाने मुलाला उद्देशून केलेली दीर्घ भाषणेच अधिक आहेत. आज्ञापालन आणि मोहाचा प्रतिकार हा त्यांचा घोषित विषय. सातवा अध्याय त्यांत वेगळा ठरतो, कारण नुसत्या आज्ञेचे अपुरेपण तेथे आज्ञा देणाऱ्यालाच जाणवलेले दिसते.

अध्यायाची 27 वचने आहेत. आरंभीच्या पाचांत आज्ञा बोटांना बांधण्यास आणि हृदयाच्या पाटीवर लिहिण्यास सांगितले आहे. ही प्रतिमा ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथातील सहाव्या अध्यायाची आठवण करून देते. तिथला नियम देवाचा आहे. इथे बोलणारा ‘माझी तोरा’ म्हणतो, आणि संपूर्ण अध्यायात देवाचे नाव एकदाही येत नाही. हिब्रू ‘तोरा’ या शब्दात आईबापांची शिकवण आणि ईश्वरदत्त नियमशास्त्र हे दोन्ही अर्थ नांदतात. मराठी अनुवादकाला त्यांपैकी एक निवडावाच लागतो, आणि ज्या संदिग्धतेवर बापाचा अधिकार उभा आहे तीच नाहीशी होते.

यानंतर उपदेशाचे निवेदन होते. निवेदक खिडकीच्या जाळीतून पाहत आहे. तिन्हीसांजेला एक भोळा तरुण त्या स्त्रीच्या घराकडे निघाला आहे. आज्ञा डोळ्यातल्या बाहुलीप्रमाणे जप, असे सांगताना योजलेला ‘ईशोन’ हाच शब्द येथे रात्रीच्या दाट काळोखासाठी आला आहे. पुढे स्त्रीचे सात वचनांचे भाषण येते. खिडकीतल्या माणसाला ते अंधारात ऐकू कसे आले, हा प्रश्न वास्तववादी समीक्षेने विचारावा असा. त्याचे उत्तर उघड आहे. ते शब्द निवेदकानेच तिच्या तोंडी घातले आहेत. कॅरल न्यूसम यांनी 1989 मधील आपल्या निबंधात या अध्यायांतील ‘मी–तू’ या सर्वनामांच्या व्यवहाराकडे लक्ष वेधले : मुलगा ऐकतो, बोलत नाही, वाचकालाही त्याच्याच जागी बसावे लागते, परकी स्त्री ही पितृसत्ताक संभाषिताची गरज ठरते. हा अन्वय नाकारता येण्याजोगा नाही. तथापि तो संहितेला पुरून उरत नाही.

कारण या स्त्रीचे भाषण पापापासून सुरूच होत नाही. ते सुरू होते धर्मकृत्यापासून. तिने शांत्यर्पणे केली आहेत, नवस फेडला आहे. ‘लेवीय’च्या सातव्या अध्यायानुसार नवसाच्या बळीचे मांस त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच खाऊन संपवावयाचे असते. म्हणजे घरी मेजवानी आहे, पाहुणा हवा आहे, आणि आमंत्रणाला निमित्त पुरविले आहे ते नियमशास्त्रानेच. (काही अभ्यासक क्रियापदाचा काळ वेगळा लावून नवस अजून फेडावयाचा आहे असे मानतात. त्या वाचनात व्यवहार स्पष्ट होतो, पण उपरोध पातळ होतो.) नवरा थैली घेऊन दूर गेला आहे, पौर्णिमेला परतेल, हा हिशेब ती शेवटी सांगते.

शय्येवरील गंधरस, अगरू आणि दालचिनी ही तीनही सुगंधी द्रव्ये ‘गीतरत्न’च्या चौथ्या अध्यायातील वधूच्या बागेतही आहेत. आणि बापाचे काय? ज्ञानाला ‘बहीण’ म्हण, असे तो मुलाला सांगतो. ‘गीतरत्ना’त प्रियकर वधूला याच नावाने हाक मारतो. मोहाला परतविण्यासाठी नियमालाही प्रेमकाव्याकडूनच उसनवार करावी लागते. नवव्या अध्यायात तर ज्ञान आणि मूर्खता या दोन्ही स्त्रिया वाटसरूंना जवळजवळ शब्दशः एकच हाक घालतात. बापाला केवळ आपला स्वर टिकवावयाचा असता, तर त्याने प्रतिपक्षाला दुबळे शब्द दिले असते. येथे वाक्य एकच आहे. ते कोणत्या दाराकडे नेते एवढाच फरक. कानाला हा फरक कळत नाही, आणि म्हणूनच येथील आज्ञापालन हे मुळात अर्थनिर्णयनाचे काम आहे.

तरुणाने मात्र ते केलेलेच नाही. ‘उत्पत्ती’च्या 39 व्या अध्यायात पोटीफरच्या पत्नीला नकार देताना योसेफ युक्तिवाद करतो, धन्याचा विश्वास सांगतो, देवाविरुद्धचे पाप सांगतो. सीनायचा नियम तेव्हा अजून दिला गेलेला नाही. नियमाच्या छायेत वाढलेल्या या तरुणाला संहितेने एकही वाक्य दिलेले नाही; तो बैलासारखा एकाएकी मागोमाग जातो. त्याने आज्ञा मोडली असेही म्हणणे अवघड आहे, कारण ती त्याला कोणी सांगितल्याचे दिसत नाही. ती ऐकतो आहे मुलगा, आणि मोहाचे भाषणही, अगदी सविस्तर, त्यालाच ऐकविले जात आहे. ही जोखीम बापाने जाणून पत्करली आहे.

प्राचीन ग्रीक अनुवादात या प्रसंगातील एक तपशील बदललेला आहे : खिडकीतून रस्त्याकडे पाहते ती तीच स्त्री. कथेची संगती त्यामुळे सुधारते. मोहाची नजर मोहाकडे राहते. अंधारात गल्लीकडे डोळे लावून उभा असलेला नियमाचा प्रवक्ता मात्र त्या पाठातून निघून गेला आहे.