स्वतःचाच पेपर तपासणारा ड्राइव्ह

जुने फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करायला शिकवणाऱ्या पुस्तिका आणि व्हिडिओ भरपूर आहेत. आज त्यांची जरा झडती घेऊया. नमुना म्हणून कमोडोर 1541 घेतो. 1982 मध्ये आलेल्या कमोडोर 64 संगणकाचा हा सव्वापाच इंची ड्राइव्ह. आत स्वतःचा 6502 प्रोसेसर, पण फ्लॉपीवर ट्रॅक फक्त 35 आणि माहिती जेमतेम 170 केबी.

सांगितलेला क्रम बहुधा ठरलेला असतो. वीजपुरवठ्याचे व्होल्टेज बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा, पट्टा सैल असेल तर बदला. इथवर उत्तम. मग म्हणतात, कोरी फ्लॉपी फॉरमॅट करा, त्यावर काहीतरी लिहा, परत वाचा. वाचलं गेलं? ड्राइव्ह ठणठणीत!

आक्षेप इथेच आहे. लिहिणारा कोण? तोच ड्राइव्ह. तपासणारा? तोच. लॅबमधला वजनकाटा त्याच काट्यावर मोजलेल्या वजनाने कॅलिब्रेट केलात, तर तुमचे गाइड काय म्हणतील?

1541 मध्ये ही शंका नुसती तात्त्विक नाही. पहिला ट्रॅक कुठे आहे हे सांगणारा सेन्सर त्यात नाही. म्हणून फॉरमॅट करताना आणि वाचनात चूक आली की तो हेड मागे नेऊन अडणीवर आपटतो. तो खडखडाट ऐकला असेल तर विसरणार नाही. कॉपी होऊ नये म्हणून काही गेमच्या फ्लॉपींवर मुद्दाम चुका ठेवलेल्या असत, त्यामुळे आपटणं आणखी वाढे. कालांतराने हेड जागेवरून सरकतं. शेजारच्या दोन ट्रॅकमधलं अंतर सुमारे 0.53 मिलिमीटर, त्यात थोडी सरक म्हणजे बरीच झाली. पण सरकलेलं हेड सरकूनच लिहितं आणि सरकूनच वाचतं, त्यामुळे चाचणी पास! वेगाचंही तसंच. मिनिटाला 300 फेरे हवेत, पण वेग थोडा चुकला तरी स्वतःचं लिहिलेलं जुळतंच. (पट्ट्याच्या ड्राइव्हमध्ये चाकावर 50 हर्ट्झच्या खुणा असतात. त्या स्थिर दिसतात का ते जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघा. एलईडीच्या उजेडाचा भरवसा नाही.)

खरा निकाल बाहेरच्या मापानेच लागतो. अलाइनमेंटसाठी खास लिहिलेली फ्लॉपी आणि ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. नसेल तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या, कारखान्यात लिहिलेल्या मूळ फ्लॉपी वाचून बघा. एकच वाचून समाधान मानू नका.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. 'हेड सरकलंय, स्टेपर मोटरचे स्क्रू सैल करून फिरवा' हा सल्ला फार लवकर दिला जातो. समजा, त्या ड्राइव्हसोबत त्यानेच लिहिलेल्या फ्लॉपींचा खोका आहे आणि त्यातल्या नोंदींची दुसरी प्रत कुठेच नाही. त्या वाकड्या ट्रॅकवर नेमकं बसणारं हेड जगात एकच आहे, ते म्हणजे हे वाकडं हेड. ते 'सरळ' केलंत की तोच खोका मुका होऊ शकतो. म्हणून हेड पुसा, आधी एखादी टाकाऊ फ्लॉपी घालून बघा, ती नीट फिरली की खोक्यातल्या सगळ्यांच्या प्रती काढा, आणि मोटर आत्ता जिथे आहे तिथे टोकदार सुईने चरा ओढून ठेवा. स्क्रूड्रायव्हर त्यानंतर.