चांदी कुणाची?

मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘सायलेन्स’मध्ये (2016) पोर्तुगीज पाद्री रॉड्रिग्ज पकडला जातो. त्याला पकडून देणारा किचिजिरो तिथेच अंग चोरून उभा असतो. शिपाई त्याच्या अंगावर चांदीची नाणी फेकतात. हातावर ठेवत नाहीत, फेकतात. सरकारनं जाहीर केलेला भाव होता पाद्र्यामागे 300 नाणी. येशूच्या वेळी हाच भाव 30 होता, हे बायबल न वाचलेल्यालाही कुठेतरी ऐकून माहीत असतं.

सिनेमा दुसऱ्यांदा पाहताना मी या नाण्यांपाशी अडकलो. कारण या गोष्टीतलं सगळं राजकारण एका संशयावर उभं आहे: या लोकांच्या मागे बाहेरचं कुणीतरी आहे, त्यांना बाहेरून रसद येते. आणि अख्ख्या गोष्टीत पैसा ठळकपणे हातोहात जाताना दिसतो तो इथेच. तो पैसा सरकारचा आहे.

(पुढे कथेतले बरेच तपशील येतील. सिनेमा पाहायचा असेल तर आधी पाहून या. पावणेतीन तासांच्या जवळपास आहे, आणि मोबाइलवर पाहू नका, त्यातल्या धुक्याची वाट लागते.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ कादंबरी शुसाकु एन्दोची, 1966ची. जपानी नाव ‘चिन्मोकु’, म्हणजे मौन. सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी. फरेरा नावाच्या ज्येष्ठ जेझुइटानं छळापुढे मान तुकवून धर्म सोडला, अशी बातमी येते. ती खोटी ठरवायला त्याचे दोन शिष्य चोरून जपानला जातात. फरेरा खराखुरा माणूस होता. 1633मध्ये त्याला खड्ड्यावर उलटं टांगलं आणि काही तासांत त्यानं हार मानली. रॉड्रिग्ज काल्पनिक असला तरी त्याच्यामागे ज्युझेप्पे कियारा हा इटालियन जेझुइट आहे, जो पुढे जपानी नाव घेऊन तिथेच मेला. देव गप्प का बसतो, हा कादंबरीचा मोठा प्रश्न, आणि तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्या प्रश्नावरच थांबतात. मला मात्र त्याच्या शेजारचा, जरा खालच्या पातळीवरचा प्रश्न जास्त छळतो. छळ करणारा स्वतःला काय सांगत असतो?

कादंबरीच्या सुरुवातीला एक गोष्ट पटकन येऊन जाते. लिस्बनहून निघालेले हे पाद्री आधी गोव्याला उतरतात, आणि शिमाबाराच्या बंडाची सविस्तर बातमी त्यांना तिथे कळते. एन्दो तिथे फार रेंगाळत नाही, पण पुढचं सगळं याच बंडाच्या सावलीत घडतं.

क्यूशू बेटावरच्या शिमाबाराचा सरदार होता मात्सुकुरा कात्सुइए. त्याच्या बापानं नवा किल्ला बांधायला घेतला होता, त्याचा बोजा शेतकऱ्यांवर पडला. पीक येवो न येवो, कर भरायचाच. चुलीवर कर, खिडकीवर कर, अशा तक्रारी त्या काळच्या वृत्तांतात आहेत. न भरणाऱ्याला गवताचा कोट चढवून तो पेटवून द्यायचे. जळणाऱ्या माणसाच्या तडफडण्याला ‘नाच’ म्हणायचे. 1637च्या डिसेंबरात लोक उठले. शेजारचं अमाकुसा बेटही उठलं. पुढारी म्हणून उभा केला तो अमाकुसा शिरो, वय सोळाच्या आसपास. सुमारे 37 हजार माणसं, बायकापोरांसकट, हारा नावाच्या पडक्या किल्ल्यात जाऊन बसली. या भागात ख्रिस्ती खूप होते, त्यामुळे निशाणावर ख्रिस्ती चिन्हं आली.

शोगुनानं सव्वा लाखाच्या घरात फौज पाठवली. एप्रिल 1638मध्ये किल्ला पडला आणि आतल्यांची सरसकट कत्तल झाली.

आता हिशोब बघा. पोर्तुगालकडून हारा किल्ल्यात काय पोचलं? ना जहाज, ना दारूगोळा, ना पाद्री. परदेशी तोफा मात्र त्या लढाईत होत्या, आणि त्या सरकारच्या बाजूनं होत्या. डच व्यापाऱ्यांनी शोगुनाच्या सांगण्यावरून जहाज आणून समुद्रातून किल्ल्यावर मारा केला. त्यावर आतल्या लोकांनी बाणाला चिठ्ठी बांधून खिजवलं म्हणतात, की मूठभर शेतकऱ्यांशी लढायला तुम्हाला परदेशी माणूस लागतो होय! परका हात होता खरा. तो कुणी धरला होता, एवढाच प्रश्न.

सरकारला खरं कारण कळलं नव्हतं असंही नाही. बंड मोडल्यावर शोगुनानं याच मात्सुकुराचा, कारभार नासवल्याबद्दल, शिरच्छेद केला. सरदाराला मरायचं तर पोट फाडून मानानं मरू देण्याची तिथली रीत. याला तेवढाही मान दिला नाही. म्हणजे निकालपत्रात करांचा जुलूम मान्य झाला. पण राज्याचं धोरण ठरलं ते दुसऱ्याच कारणावर. 1639मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली. 1640मध्ये मकाऊहून रदबदली करायला आलेल्या शिष्टमंडळातल्या 61 जणांना मारलं, आणि 13 खलाशांना निरोप घेऊन परत पाठवलं.

एकाच घटनेची दोन कारणं, एक दप्तरात ठेवायला आणि एक चव्हाट्यावर सांगायला. आजही कुठे उपोषण बसलं, मोर्चा निघाला की पहिल्या तासात ‘फंडिंग कुठून येतंय’ अशी पोस्ट येते. विचारायला हरकत काहीच नाही, कधी कधी उत्तरही खरंच मिळतं. पण शिमाबारात त्या प्रश्नाचा एक उपयोग दिसतो. तो विचारला की चुलीवरच्या कराबद्दल बोलावं लागत नाही.

संशय हवेतून आला नव्हता, हेही सांगायला हवं. जेझुइटांचं जपानमधलं काम मकाऊ-नागासाकी रेशीम व्यापारातल्या वाट्यावर चालायचं. 1580मध्ये एका ख्रिस्ती झालेल्या सरदारानं नागासाकी बंदरच त्यांच्या हवाली केलं, ते हिदेयोशीनं सात वर्षांनी काढून घेतलं. पोर्तुगीज जहाजं आपल्या बंदराला लागावीत म्हणून धर्म बदलणारे सरदार होतेच. आणि ज्या गोव्यातून हे पाद्री पुढे जात, तिथे 1560पासून इन्क्विझिशन बसलं होतं, घरात जुने रीतिरिवाज चोरून पाळणाऱ्यांची चौकशी करत. छळ करणारा आणि छळ सोसणारा ही कायमची नेमून दिलेली पदं नाहीत. ‘सायलेन्स’ पाहताना मराठी किंवा कोकणी माणसाला हे आठवणं स्वाभाविक आहे. एन्दोच्या गोष्टीत गोवा नुसता एक थांबा आहे.

या व्यवहारात वसईचाही एक माणूस सापडतो. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, असं मानलं जातं. आधी जेझुइटांबरोबर जपानला गेला, मग व्यापारी झाला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर. जपानी उत्तम येत असल्यानं 1593मध्ये हिदेयोशीकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा दुभाषी. 1596मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटलं. आधी मिशनरी येतात, मागून आमच्या राजाची फौज येते, असं त्यावरचा कुणी अधिकारी बरळला, अशी कथा आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यात गोन्सालो होता. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. त्या 26 मधले 20 जण जपानी होते, ही गोष्ट मात्र पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

‘सायलेन्स’बद्दलची माझी तक्रारही याच 20 जणांपाशी सुरू होते. कादंबरीचा चौकशी अधिकारी इनोउए हा मला आधुनिक साहित्यातल्या सगळ्यात भीतीदायक माणसांपैकी एक वाटतो, कारण तो ओरडत नाही. सिनेमात इस्सेइ ओगाता या नटानं त्याला पंख्यानं वारा घेणारा, कुरकुरणारा, जवळजवळ प्रेमळ म्हातारा केलाय. त्याचा सिद्धांत असा: जपान ही दलदल आहे, इथे हे रोप रुजत नाही. मूळ बाहेर आहे, ते तोडलं की खेड्यातली फांदी आपोआप वाळेल. शेवटी तो रॉड्रिग्जला सांगतोसुद्धा, की बेटांवर अजून चोरून ख्रिस्ती असलेले शेतकरी आहेत, पण आता त्यांची चिंता नाही. पुरवठा बंद झालाय.

म्हणून खड्ड्यावर टांगलेल्या शेतकऱ्यांनी स्वतः कधीच धर्म सोडलेला असतो, तरी त्यांना खाली उतरवत नाहीत. रॉड्रिग्जनं पाय ठेवला तरच. त्यांच्या होकाराला किंमत नाही, कारण त्यांची श्रद्धाच त्यांची मानलेली नाही. ती पाद्र्याची, पाद्री पोर्तुगालचा. माणूस टांगायचा गावातला आणि पत्र धाडायचं लिस्बनला. हा प्रसंग एन्दोनं इतका नेमका लिहिलाय की त्याच्यापुढे टीकाकारानं गप्प बसावं.

पण एन्दो स्वतः या सिद्धांतापासून किती लांब आहे? फार नाही. लहानपणी आईच्या इच्छेनं बाप्तिस्मा घेतलेला हा लेखक आपल्या धर्माला अंगात न बसणारा पाश्चात्त्य सूट म्हणायचा. दलदलीची उपमा तो फरेराच्याही तोंडी घालतो, आणि तिला तोडीचं उत्तर कुणाच्या तोंडी देत नाही. उत्तर त्याच्याच कादंबरीत पडलेलं आहे. तोमोगी गावात वर्षानुवर्षं पाद्री नाही. लोकांनी आपसात कामं वाटून घेतलीत. एक म्हातारा बाप्तिस्मा देतो, दुसरा प्रार्थना शिकवतो आणि सणांचे दिवस लक्षात ठेवतो. पाद्री आले की लपवायचं कुठे, खायला काय द्यायचं, सरकारी माणूस आला तर इशारा कसा द्यायचा, हे सगळं गाव ठरवतं. कर भरून उरलेलं मूठभर धान्य गाव पाद्र्यांना देतं. रसद गावाकडून पाद्र्यांकडे जाते! इनोउएची वही उलटी लिहिलेली आहे, आणि हे दाखवूनही एन्दोची नजर पुन्हा रॉड्रिग्जच्या मनातल्या येशूच्या चेहऱ्याकडे वळते. मोकिची आणि इचिझो समुद्रात खांबाला बांधून भरतीखाली मारले जातात, तेव्हाही आपण किनाऱ्यावर रॉड्रिग्जच्या डोळ्यांमागेच बसलेले असतो. मोकिचीला काय वाटतं ते आपल्याला त्याच्या गाण्यावरून ओळखावं लागतं.

स्कॉर्सेसीनं तर शेवटी एक भलतंच केलं. कादंबरीत नसलेलं एक दृश्य त्यानं जोडलं: धर्म सोडलेला, म्हातारा होऊन मेलेला रॉड्रिग्ज दहनासाठी पिंपात बसवलाय, आणि त्याच्या मुठीत एक इवलासा क्रूस आहे. थिएटरात तेव्हा लोक हळहळले असतील. पण तो क्रूस मोकिचीनं कोरलेला होता. जपानी शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं घडवलेली एकमेव वस्तू, आणि सिनेमा ती परदेशी पाद्र्याची श्रद्धा शाबूत होती याचा पुरावा म्हणून वापरतो. दृश्य सुंदर आहे, मला ते पटत नाही.

इनोउएचा अंदाज किती चुकला त्याची तारीख इतिहासात आहे. 17 मार्च 1865. नागासाकीत परदेशी रहिवाशांसाठी बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली आणि फ्रेंच पाद्र्याला हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सव्वादोनशे वर्षं पुरवठा शून्य होता. त्यानंतरही सरकारनं उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना गावातून उचलून देशभर विखुरलं. बंदी उठली ती 1873मध्ये.

म्हणून मला ‘सायलेन्स’चा खरा नायक किचिजिरो वाटतो. प्रतिमेवर पाय ठेवणारा, 300 नाण्यांचा धनी, आणि तरीही पुन्हा पुन्हा कबुलीजबाब द्यायला दारात येणारा. शूर माणसांसाठी धर्म आहे, मग माझ्यासारख्या भित्र्यानं कुठे जायचं, हा त्याचा प्रश्न रॉड्रिग्जच्या सगळ्या पत्रांवर भारी पडतो. बळजबरीचा काळ नसता तर तोही एक साधा, बरा ख्रिस्ती म्हणून मेला असता, असं तो स्वतःच म्हणतो.

कादंबरीच्या अगदी शेवटी एका अधिकाऱ्याच्या रोजनिशीची पानं आहेत. बहुतेक वाचक ती चाळून सोडून देतात, कारण भाषा रुक्ष, सरकारी. त्यात एक नोंद येते. रॉड्रिग्जच्या घरी नोकर म्हणून राहिलेल्या किचिजिरोची झडती घेतली, तर गळ्यातल्या पिशवीत संतांची चित्रं असलेला ताईत सापडला. इतकी वर्षं, इतक्यांदा पाय ठेवूनही. अधिकारी लगेच चौकशी लावतात. त्यांचा प्रश्न ठरलेला आहे: हे तुला कुणी दिलं?