इन्शुलिनची किल्ली कुठवर चालते?

इन्शुलिन ही किल्ली, पेशी हे कुलूपबंद घर आणि ग्लुकोज हा दारात ताटकळलेला पाहुणा. मधुमेह म्हणजे किल्ली हरवली किंवा कुलूप गंजले. दवाखान्यातील भित्तिपत्रके असोत की विज्ञान प्रदर्शनातील पुठ्ठ्याचे तक्ते, ही उपमा हटकून भेटते. वर्गात ती सांगायला सोपी आणि मुलांना चटकन पटणारी आहे, हे आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार अशी की ती दाराचे वर्णनही चुकीचे करते, आणि घराच्या आत काय चालते हे विचारूच देत नाही.

आधी दाराचे पाहू. स्नायूपेशीत ग्लुकोज आत घेणारे मुख्य प्रथिन ग्लुट-४. विश्रांतीच्या वेळी ते बहुतांशी पेशीच्या आतल्या इवल्या पिशव्यांच्या आवरणात साठवलेले असते. इन्शुलिनचा संदेश आला की काही मिनिटांत या पिशव्या पेशीपटलाला येऊन मिळतात. म्हणजे कुलूप उघडत नाही. कोठारातली दारे आणून भिंतीत बसवली जातात. १९८० मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी मेदपेशींवरील प्रयोगांतून ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

याच दारांना आणखी एक हुकूम चालतो, तो स्नायूच्या आकुंचनाचा. स्नायू काम करू लागला की इन्शुलिनशिवायही ग्लुट-४ पटलावर येते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असतो, पण आकुंचनाचा मार्ग बराचसा शाबूत राहतो. "आजोबांचे कुलूप गंजले आहे, तर डॉक्टर त्यांना चालायला का सांगतात?" असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, तर किल्लीवाल्या गुरुजींपाशी उत्तर नसते. प्रश्न मात्र तिच्या घरातला असतो.

आता आत जाऊ. ग्लुकोजपासून झालेले पायरुविक आम्ल तंतुकणिकेत जाळायचे की नाही, हे एका विकरसमूहावर ठरते. या समूहाला फॉस्फेट चिकटवून बंद पाडणारे दुसरे एक विकर आहे, पीडीके-४. आपण काही तास उपाशी राहिलो की स्नायूत या विकराचे जनुक अधिक जोमाने वाचले जाऊ लागते. असे का होते? इन्शुलिन कमी झाल्याने फॉक्सो-१ नावाचे प्रथिन केंद्रकात टिकून राहते आणि त्या जनुकाला चालना देते. त्याच वेळी चरबीतून सुटलेली मेदाम्ले रक्तातून स्नायूत येतात आणि केंद्रकातील ग्राहक-प्रथिनांना स्वतःच जोडली जातात. तीही तेच जनुक जागे करतात. परिणाम असा की स्नायू मेद जाळू लागतो आणि ग्लुकोज मेंदूसाठी शिल्लक राहते. जेवण झाल्यावर इन्शुलिन वाढते आणि फॉक्सो-१ केंद्रकाबाहेर जाते. जनुकाचे वाचन मंदावते, पण आधी तयार झालेले विकर लगेच नाहीसे होत नाही. त्याला वेळ लागतो.

इथे अन्नघटक हे नुसते सरपण राहत नाहीत. मेदाम्ल जळतेही आणि निरोपही देते. आमच्या मते शिकवताना सर्वांत जास्त निसटते ते हेच. (उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आलीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. तो खाल्ल्यावर इन्शुलिन वाढते, आणि आपली एकादशी स्नायूला कळतच नाही.)

किल्लीची उपमा टाकून काही लेखक 'मुख्य बटण' या उपमेकडे वळतात. तीही आम्हाला पटत नाही. १९९८ मध्ये बोस्टनच्या स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन शोधले. २००२ मध्ये त्याच गटाने उंदरांच्या स्नायूंत ते वाढवून दाखवले, तेव्हा पांढरट स्नायू लालसर आणि न थकणारे झाले. काम अव्वल दर्जाचे, यात शंका नाही. पण त्यावरून 'व्यायामाचे बटण सापडले' असे म्हणणे घाईचे होते. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही व्यायामाने तंतुकणिकांतील प्रथिने वाढतात, असे २००८ आणि २०१२ मधील प्रयोगांत दिसले. एखादी गोष्ट घडवून आणता येते, याचा अर्थ ती एरवी त्याच वाटेने घडते असा होत नाही.

'व्यायामाच्या गोळी'चेही असेच. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील इव्हान्स यांच्या गटाने एआयसीएआर हे औषध चार आठवडे दिलेले, व्यायाम न करणारे उंदीर ४४ टक्के अधिक धावले. बातम्या एवढ्यावर थांबल्या. त्याच निबंधातले दुसरे औषध मेदाम्लांच्या ग्राहकाला उद्दीपित करणारे होते. त्याने जनुके जागी झाली, पण बैठ्या उंदरांची धाव वाढली नाही. व्यायामाची जोड मिळाल्यावरच ती वाढली. आम्हाला हा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो, कारण एकाच निरोपाने पेशीचे काम भागत नाही हे त्यातून दिसते.

वर्गात उपमेऐवजी काळाची रेषा काढून पाहावी. रात्रीचे जेवण ते दुसऱ्या दिवसाची दुपार. रेषेच्या वर मिनिटांत घडणारे लिहावे: ग्लुट-४ ची ये-जा, विकरांवर फॉस्फेट बसणे. खाली तासांत आणि दिवसांत घडणारे: पीडीके-४ वाढणे, नियमित चालण्याने ग्लुट-४ आणि तंतुकणिका वाढणे. साबुदाण्याची वाटी या रेषेवर ठेवली की खाली काय खोडावे लागेल, हे मुलांनीच सांगावे.