धमनी, रोहिणी आणि शीर : बाहूतील रक्तवाहिन्यांच्या परिभाषेची चिकित्सा

परिभाषेचा वाद मराठीत बहुधा शब्द सुबोध की दुर्बोध, संस्कृत की देशी, एवढ्यावरच संपतो. ज्या वस्तूसाठी शब्द योजला ती वस्तू ओळखण्यास तो साह्यभूत होतो की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बाहूतील धमन्यांचे प्रकारभेद हे या प्रश्नाच्या परीक्षेचे उत्तम क्षेत्र होय. कारण येथे ओळखण्यातली चूक हाताची बोटे घेऊन जाऊ शकते.

पाठ्यपुस्तकांतील वर्णनानुसार दंडातील मुख्य धमनी कोपराच्या पुढील खळग्यात दुभंगते. एक फाटा अंगठ्याच्या बाजूने व दुसरा करंगळीच्या बाजूने मनगटाकडे जातो. शवविच्छेदनात मात्र हे चित्र नेहमीच आढळते असे नाही. मॅककॉर्मॅक, कॉल्डवेल व अ‍ॅन्सन यांनी १९५३ साली ७५० हातांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील अठरा टक्क्यांहून अधिक हातांत मोठे भेद दिसले. २००१ साली रॉड्रिग्ज-नीडेनफ्यूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८४ हात तपासले. अंगठ्याकडील धमनी कोपराच्या वरच निघाल्याची उदाहरणे त्यांत १३.८ टक्के होती, म्हणजे सुमारे सात हातांमागे एक. असे असता एकेका शवावरील टिपणांतून या भेदाला सर्रास ‘दुर्मिळ’ म्हटले जाते, ते योग्य नव्हे. त्याला ‘विकृती’ म्हणणे तर सर्वथा चूक आहे. गर्भावस्थेत हातात केशवाहिन्यांचे जाळे असते. त्यातील काही वाटा रुंदावतात, बाकीच्या लोपतात. निराळी वाट रुंदावली म्हणून हाताच्या व्यापारात काही उणे पडत नाही.

खरोखर दुर्मिळ, आणि अधिक घातक, तो भेद वेगळा आहे. २००१ च्या त्याच पाहणीत ४.२ टक्के हातांत करंगळीकडील धमनी दंडातच निघून पुढे स्नायूंच्या वरून, त्वचेलगत धावत होती. एरवी कोपरापाशी वरची शीर व खालची धमनी यांच्यामध्ये स्नायूचा एक चिवट पडदा असतो. रक्तमोक्षण करणाऱ्या जुन्या फ्रेंच शस्त्रवैद्यांनी त्याला ‘देवाच्या कृपेचा पडदा’ म्हटले होते. धमनीच पडद्याच्या वर आली की ती कृपा संपते. दंडाला पट्टा आवळल्यावर त्वचेखाली उठून दिसणारी रेघ शीर समजून तीत औषध टोचले, तर ते हृदयाकडे न जाता थेट बोटांकडे जाते. बोटे काळी पडून कापावी लागण्यापर्यंत पाळी येऊ शकते. मनगटातून हृदयाच्या धमन्यांपर्यंत नळी नेण्याची पद्धती १९८९ साली कांपो यांनी मांडल्यापासून अंगठ्याकडील भेदालाही महत्त्व आले आहे. वर निघालेली ही धमनी पुष्कळदा अरुंद असते आणि नळी तीत अडते.

आता शब्दांकडे वळावे. मराठी विश्वकोशाने आर्टरीला ‘रोहिणी’ व व्हेनला ‘नीला’ हे प्रतिशब्द स्वीकारले. ही नावे सुश्रुताची आहेत. परंतु त्याच्या ग्रंथात ती दोन्ही सिरांचीच आहेत. अरुणा, नीला, गौरी व रोहिणी असे सिरांचे चार वर्ग तेथे सांगितले असून त्यांपैकी नीला ही पित्तवहा आणि रोहिणी ही रक्तवहा. नव्या जोडीने मूळ अर्थ सोडला व रंग तेवढा ठेवला. आणि रंग हीच येथे फसवी खूण आहे! त्वचेखालची धमनी तांबडी दिसत नाही. सावळ्या हातावर तर रंगभेद मुळीच कळत नाही. याउलट ‘धमनी’ हा शब्द चरकाने ध्मानापासून, म्हणजे फुंकण्या-फुगण्यापासून, साधला आहे. सिरेची व्युत्पत्ती त्याने सरणाशी जोडली. सुश्रुताच्या नाभीपासून निघणाऱ्या चोवीस धमन्या म्हणजे आजच्या आर्टरी नव्हेत, हा आक्षेप खरा आहे. पण ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ हा शब्दही श्वासनलिकेला लागत असे. अर्थ सरकतो, खूण टिकते की नाही ते पाहावे. ‘धमनी’ची खूण डोळ्याला नव्हे, बोटाला कळते, आणि निदानाला तीच उपयोगी पडते.

२०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या नगर जिल्ह्यात हे सगळे शब्दव्यवहार शेजारी नांदतात. नगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाच्या आयुर्वेद महाविद्यालयात सिरा-धमनी. लोणीच्या, १९८४ पासूनच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजी संज्ञा. आणि दोन्हीकडे येणाऱ्या रुग्णाच्या तोंडी एकच ‘शीर’. तिच्यात रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायूचा दोर सारे सामावते. शिरेवर शीर चढते तीही हीच. लोकभाषा या बाबतीत ढिसाळ आहे, हे नाकारता येत नाही. तथापि कपाळाच्या शिरा ताडताड ‘उडतात’ असे तीच भाषा म्हणते. म्हणजे धमनीचा गुण तिला ठाऊक आहे, फक्त त्याला स्वतंत्र नाम दिलेले नाही. परिचारिकांसाठी मराठीत सूचना लिहिणाऱ्याने रोहिणी-नीलेच्या वाटेस न जाता या क्रियापदाचा आधार घ्यावा : दंडाला पट्टा बांधण्यापूर्वी बोट ठेवून पाहावे, शीर उडत असेल तर तेथे सुई टोचू नये.