संजीवनी की गामिनी? प्रो कबड्डीच्या पहिल्या बाद फेरीविषयी



तत्त्वज्ञानाच्या माणसाने कबड्डीवर बोलावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. येऊ द्या. पण आज आम्हाला जो प्रश्न मांडायचा आहे तो तत्त्वज्ञानाचाच आहे. जिंकणारा श्रेष्ठ असतो का? आणि नसेल, तर आपण त्याच्या हाती चषक देतो तो नेमका कशाबद्दल? हा प्रश्न हवेत ठेवून चालणार नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. 2014 साली प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम झाला. त्या हंगामाचा शेवट, म्हणजे उपांत्य सामने, तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि अंतिम सामना, हे चार सामने एखाद्या नाटकाची समीक्षा करावी तसे आज आपण तपासणार आहोत.

आधी घटना सांगतो. 26 जुलै 2014 रोजी मुंबईत वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल बंदिस्त क्रीडागृहात लीगचा अगदी पहिला सामना झाला. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला 45-31 असे हरवले. आठ संघ होते, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे होते. म्हणजे दर संघाला 14 सामने, एकूण साखळी सामने 56. त्यातून चार संघ पुढे गेले. उपांत्य फेरीत जयपूरने पाटणा पायरेट्सला 38-18 असे सपशेल लोळवले. यू मुंबाने बंगळुरू बुल्सला 27-23 असे जेमतेम हरवले. पाटण्याने बंगळुरूला 29-22 ने हरवून तिसरा क्रमांक घेतला. आणि 31 ऑगस्टला, ऐन गणपतीच्या दिवसांत, त्याच वरळीच्या मॅटवर जयपूरने मुंबईला 35-24 असे हरवले. चषक जयपूरला गेला. मुंबईचा कर्णधार अनुपकुमार, जयपूरचा नवनीत गौतम.

आता एक छोटा हिशेब करू. त्या एकाच मैदानावर हे दोन संघ पहिल्या दिवशी भेटले आणि शेवटच्या दिवशी भेटले. या दोन सामन्यांत मुंबईचे गुण किती? 45 आणि 24, म्हणजे 69. जयपूरचे? 31 आणि 35, म्हणजे 66. दोन्ही दिवसांची बेरीज केली तर मुंबई तीन गुणांनी पुढे आहे! पण बेरीज कोणी करत नाही. पहिला दिवस विसरायचा आणि शेवटचा दिवस कायमचा लिहून ठेवायचा, असा हा करार आहे. जयपूर अपात्र होते असे आम्ही म्हणत नाही बरं का. त्यांनी साखळीतही दमदार खेळ केला होता. आमचा मुद्दा त्या कराराबद्दल आहे.

मंडळी, आपल्या जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते. इथे बसलेल्या ज्येष्ठांना ते आठवत असतील. संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपला गडी बाद झाला की बाहेर बसतो, पण समोरचा एक बाद केला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. गामिनीत असे नाही. एकदा बाद झाला की झाला. सारा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेरच बसायचे. अमरमध्ये तर कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. पुढे जी कबड्डी सर्वत्र प्रमाण झाली ती संजीवनीच्या वाटेने गेली. आमच्या मते तो निव्वळ तांत्रिक निर्णय नव्हता, त्यात एक जीवनदृष्टी आहे. माणूस बाद होतो, तो परत येऊ शकतो, आणि त्याला परत आणण्याची जबाबदारी सोबत्यांवर असते.

आता गंमत पाहा. प्रो कबड्डीत मॅटवरचा खेळ संजीवनीचाच आहे. साखळी फेरीही संजीवनीची आहे. आज हरला, उद्या जिंकून परत ये. तिथे एक सुंदर नियम होता: विजयाला 5 गुण, बरोबरीला प्रत्येकी 3, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलात तर पराभवालाही 1 गुण. आम्हाला हा नियम फार आवडतो. हार आणि हार सारखी नसते, झुंज देऊन हरणाऱ्याने काहीतरी मिळवलेले असते, हे तो नियम आकड्यात लिहून ठेवतो. शेवटच्या दोन मिनिटांत सामना हातचा गेल्यावरही संघ जीव तोडून खेळतो, तो या एका गुणासाठी.

आणि बाद फेरी आली की? एकदम गामिनी. बंगळुरू चार गुणांनी हरले आणि पाटणा वीस गुणांनी हरले, किंमत एकच. महिनाभर जो नियम आपल्याला शिकवत होता की कसे हरलात यालाही मोल आहे, तोच शेवटच्या आठवड्यात म्हणतो, त्याला काही मोल नाही. 56 सामने घेऊन आपण चार संघ गाळले, आणि उरलेला सगळा निवाडा 4 सामन्यांत उरकला. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर चार अंक एका नाटकाचे आणि पाचवा अंक दुसऱ्याच नाटकाचा.

कोणी म्हणेल, सर, हे जगभर असेच चालते. खरे आहे. व्यावसायिक खेळांच्या बाल्यावस्थेत तर याहून विचित्र झालेले आहे. अमेरिकेत 1946-47 साली बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेचा पहिला हंगाम झाला. हीच संस्था पुढे 1949 मध्ये एनबीए झाली. त्या हंगामात वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाने 60 पैकी 49 सामने जिंकले, 11 हरले. असा संघ अंतिम फेरीत जाणारच, नाही का? पण आयोजकांनी रचना अशी केली होती की दोन्ही विभागांचे अव्वल संघ उपांत्य फेरीतच एकमेकांसमोर यावेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांचे संघ दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोन सर्वोत्तम संघांपैकी एकाने अंतिम सामन्याआधी घरी जायचे, हे चेंडू उसळण्याआधीच ठरले होते! वॉशिंग्टन शिकागो स्टॅग्सकडून 4-2 असे हरले. विजेतेपद मिळाले फिलाडेल्फिया वॉरियर्सला, ज्यांची साखळीतली कामगिरी होती 35 विजय, 25 पराभव. वॉशिंग्टनपेक्षा चौदा विजय कमी.

तरी त्या अमेरिकन रचनेतली एक गोष्ट लक्षात घ्या. 4-2 म्हणजे काय, तर ती मालिका होती, सातपैकी चार जिंकायचे. आज हरलेला परवा परत येऊ शकत होता. मालिकेत संजीवनी होती. आमच्या कबड्डीत मात्र महिन्याभराच्या श्रमाचा निकाल चाळीस मिनिटांत.

इथे न्यायशास्त्राची थोडी मदत घेऊ. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत वाद आणि जल्प असे दोन येतात. वाद हा तत्त्व कळावे म्हणून करायचा, जल्प जिंकण्यासाठी. शास्त्रकारांनी जल्पाला हाकलून दिले नाही, त्यालाही पदार्थांच्या यादीत जागा दिली. फक्त दोघांची नावे वेगळी ठेवली, म्हणजे जल्पात जिंकलेल्याने तत्त्व सापडल्याचा दावा करू नये. साखळी हा वादासारखा प्रकार आहे. सगळ्यांनी सगळ्यांशी भिडायचे, घरी आणि परक्या गावी, ताजे असताना आणि थकलेले असताना, आणि हळूहळू कळत जाते की कोण किती पाण्यात. बाद फेरी हा जल्प आहे. त्यात वेगळे गुण लागतात: दडपण पेलणे, एका संध्याकाळी स्वतःला गोळा करणे. ते गुण खोटे नाहीत. चूक होते ती जल्पाच्या निकालाला वादाचा निर्णय म्हणण्यात.

आता आमच्याच विरुद्ध बोलतो, नाहीतर ही समीक्षा एकतर्फी होईल. आपल्या गावाकडचे सामने कसे असतात? रात्रीचे, दिव्यांच्या उजेडात, वजनगटाचे. लांबलांबून संघ टेम्पोने येतात, आणि पहिल्या सामन्यापासून सगळे बाद पद्धतीने. एक हरला की संपले. म्हणजे गामिनी ही टीव्हीवाल्यांनी आणलेली नाही, ती आपल्या गावात आधीपासून आहे. मग लीगला बोल लावायचा आपल्याला काय अधिकार?

हा आक्षेप आम्ही मानतो. पण पूर्ण नाही. गावात बाद पद्धत आली ती गरजेपोटी. रात्र एक, मैदान एक, संघ वीस-पंचवीस. आणि तिथे हरलेला संघ लगेच नाहीसा होत नाही. तो जेवतो, बाजूला बसून पुढचे सामने पाहतो. तिसरे-चौथे बक्षीस असते, उत्कृष्ट चढाईचे असते, उत्कृष्ट पकडीचे असते. हरलेल्या संघातल्या पोट्ट्याच्या पाठीवर परक्या गावचा म्हातारा थाप मारतो, "काय धरलं बे त्याले!" ही थाप म्हणजेच तो एक गुण. नियमात नसलेली संजीवनी गावाने माणुसकीने भरून काढलेली असते.

पहिल्या हंगामाच्या आयोजकांना याची थोडी जाण होती असे आम्हाला वाटते. त्यांनी तिसऱ्या क्रमांकाचा सामना ठेवला होता. पाटणा वीस गुणांनी लोळले होते, त्यांना पुन्हा उभे राहायची संधी मिळाली आणि ते सात गुणांनी जिंकले. आमच्या दृष्टीने त्या शेवटच्या आठवड्यातली ही सर्वांत कबड्डीसारखी गोष्ट होती. पुढे 2017 मध्ये संघ बारा झाले, बाद फेरी मोठी झाली, आणि हा तिसऱ्या क्रमांकाचा सामना गेला. त्याबद्दल कोणी हळहळल्याचे आमच्या कानावर नाही. उलट 2019 मध्ये एक चांगले झाले. पहिल्या दोन क्रमांकांना थेट उपांत्य फेरी, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकांनी आधी एलिमिनेटर खेळायचा. साखळीत जे कमावले त्याला थोडी किंमत आली.

आणखी एक देणे मान्य केले पाहिजे. या लीगने कबड्डीपटूला पैसा दिला. 2014 च्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर लागली, 12 लाख 80 हजार. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांहून अधिक. ज्या खेळाला आपण "गरिबाचा खेळ, काही लागत नाही" म्हणत आलो, त्याच्या खेळाडूला हे मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनमध्ये जगाला हा खेळ करून दाखवला, त्या मुलांच्या स्वप्नातही असे आकडे आले नसतील. तेव्हा लीग वाईट असे म्हणून आम्ही सुटू शकत नाही. पैसा आला की शेवट नाट्यमय करावा लागतो, हेही समजते. फक्त त्या नाट्याने आपल्या मनातला न्याय बदलू नये.

आणि आमची खरी काळजी इथेच आहे. मंडळी, तुम्ही कापूस-सोयाबीनच्या गावात राहता. पाऊस दगा देतो, बियाणे जळते, आणि माणूस दुबार पेरणी करतो. दुबार पेरणी ही शेतकऱ्याची संजीवनी आहे, पण ती कर्जाने विकत घ्यावी लागते. दुसऱ्यांदाही गेले तर? यवतमाळ जिल्ह्यात त्या प्रश्नाचे उत्तर आपण कितीदा पाहिले, ते इथे मोजत बसत नाही. आमचे एवढेच म्हणणे आहे की ज्या समाजात एका हंगामावर, एका परीक्षेवर, एका संध्याकाळवर माणसाचा निकाल लागतो, तो समाज गामिनी खेळतो आहे. अशा समाजातली पोरे रोज संध्याकाळी पडद्यावर काय पाहतात याला महत्त्व आहे. त्यांनी पाहावे की बाद झालेला परत येतो. चषक उंचावणाऱ्याइतकाच कॅमेरा त्याच्यावरही थांबावा.

केवळ टीका करून उठणे बरे नाही, म्हणून दोन सूचना. लीगला आमची सूचना अशी की साखळीत अव्वल येणाऱ्या संघाचा मान वेगळ्या नावाने, वेगळ्या समारंभाने व्हावा. आणि तिसऱ्या क्रमांकाचा सामना परत आणावा. दुसरी सूचना तुम्हाला, इथल्या मंडळांना. बारा संघ आले असतील तर थेट बाद पद्धतीत अकरा सामने होतात. त्याऐवजी तीन-तीन संघांचे चार गट करा. गटांचे बारा सामने, मग दोन उपांत्य, एक तिसऱ्या क्रमांकाचा, एक अंतिम. एकूण सोळा. पाच सामने जास्त, म्हणजे साडेतीन-चार तास जास्त. एक रात्र वाढवावी लागेल, दिव्यांचा खर्च वाढेल. पण लांबून आलेला प्रत्येक संघ किमान दोनदा खेळेल, आणि पहिल्या सामन्यात बाद झालेल्या पोराला दुसऱ्या दिवशी पुन्हा मध्यरेषेवर पाय ठेवता येईल.

जमेल का, ते मंडळांनी बसून ठरवावे. खर्चाचा आकडा निघाला तर आम्हाला कळवा, आमचा वाटा आम्ही देऊ. आता प्रश्न असतील तर घेऊ.